फोन करणाऱ्याचं नाव दिसणार, पण लपवायचं बटण कोणाकडे?

फोन वाजला की करणाऱ्याचं नाव स्क्रीनवर दाखवायची सरकारी योजना आहे. पण त्याआधी नुसता नंबर दिसण्यावरूनच पहिला मोठा वाद झाला तो अमेरिकेत. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिकडे लँडलाइनवर ही सोय आली आणि लगेच बोंब सुरू झाली, की नवऱ्याच्या मारहाणीतून पळून आलेली बाई मुलांशी बोलायला घरी फोन करते तेव्हा ती कुठून बोलतेय ते कळेल त्याचं काय. पेनसिल्व्हेनियातल्या एका कोर्टानं तर १९९० मध्ये ही सेवाच बेकायदा ठरवली होती. शेवटी तोडगा निघाला तो साधाच, आधी स्टार-६७ दाबा आणि मग नंबर फिरवा, म्हणजे समोर काही दिसत नाही. तेही फुकट.

आपल्याकडे असा वाद फारसा झालाच नाही. २००३ पर्यंत मोबाईलवर इनकमिंगलाही पैसे पडायचे, त्यामुळे कोणाचा आहे बघूनच फोन उचलायचा, नंबर दिसणं हा उलट फायदाच वाटला. मिस्ड कॉल त्यावरच तर चालायचा. मग स्वीडनमध्ये २००९ ला सुरू झालेलं, अनोळखी नंबरामागचं नाव सांगणारं ट्रूकॉलर ॲप आलं, आणि आपण ते घेतलं नसलं तरी दुसऱ्या कोणी आपला नंबर ज्या नावानं सेव्ह केलाय ते तिथे झळकायला लागलं. नाव काढून टाकायची सोय आहे, पण ती शोधणार कोण.

आता सरकारी योजनेकडे येऊ. नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार नियामकानं चर्चेचा कागद काढला, सिम घेताना फॉर्मवर जे नाव दिलं तेच समोरच्याच्या स्क्रीनवर दाखवायचं. फेब्रुवारी २०२४ च्या शिफारशीत ही सेवा मागेल त्यालाच होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती फोरजी-फाइव्हजीवर सगळ्यांना आपोआप द्यायचं ठरलं, नको असेल त्यानं बंद करावी. ऐकायला बरं वाटतं, पण इथेच खरी गोम आहे. ही 'बंद करायची' सोय फोन घेणाऱ्यासाठी आहे, म्हणजे त्याला नावं बघायची नसतील तर. ज्याचं नाव जातंय त्यानं काय करायचं? नंबरच लपवायची जी जुनी सुविधा आहे ती ज्यांच्याकडे असेल त्यांचं नाव जाणार नाही, आणि ती तुम्हाआम्हाला सहज मिळत नाही, कारण सांगा, पडताळणी होऊ द्या, मग बघू. कंपन्यांना मात्र आवडीचं व्यापारी नाव दाखवायची मुभा सुचवलेली आहे!

फसवणुकीचे कॉल थांबायलाच हवेत, 'डिजिटल अरेस्ट'वाल्यांनी लोकांची आयुष्यभराची कमाई नेलीय, ते कोण नाकारतंय. पण सिम नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नावावर असलं तर नाव भलत्याचंच दिसणार, आणि स्वतःच्या नावावर असलं तर एकटी मुलगी रिक्षावाल्याला फोन करेल तेव्हा आख्खं नाव त्याच्याकडे राहणार. मुंबईत भाड्याचं घर शोधणाऱ्याचं आडनाव तर 'हॅलो'च्या आधीच एजंटला कळणार, त्यानंतर तो फोन उचलेल का ते आडनावावर. टूजी फोनवाले यातून सध्या बाहेर आहेत, पण तेही फक्त नाव बघण्यापुरतेच.