गेम शोमधील जुने हँड माईक

दूरचित्रवाणीवरील गेम शोचे सूत्रसंचालक साधारणतः 1960 ते 1990 या काळात जे मायक्रोफोन हातात धरून वावरत, त्यांचा हा प्रकार. अमेरिकेत आणि काही प्रमाणात ब्रिटनमध्ये तो सर्वाधिक रुजला. त्यातला सर्वांत ओळखीचा माईक म्हणजे लांब, सडपातळ दांडी आणि टोकाशी पेन्सिलीएवढे जाड तोंड असलेला. ‘द प्राइस इज राइट’चे बॉब बार्कर आणि ‘मॅच गेम’चे जीन रेबर्न यांच्या हातात अमेरिकन प्रेक्षकांनी तो वर्षानुवर्षे पाहिला. त्या लांब दांडीमागे पक्की तांत्रिक गरज होती. रंगमंचाची सवय नसलेल्या माणसाचा आवाज नीट टिपायचा आणि त्याच वेळी त्याचा चेहराही कॅमेऱ्याला पूर्ण दिसू द्यायचा, अशी ती दुहेरी गरज.

1950 च्या दशकातील गेम शोंमध्ये अशा माईकचे फारसे काम पडत नसे. पॅनेल आणि स्पर्धक टेबलामागे बसत, समोर टेबलावरचा माईक असे किंवा डोक्यावरून बूम, म्हणजे लांब दांडीला टांगलेला माईक, फिरे. त्या काळातला आरसीए 77-डीएक्स हा रिबन माईक दिसायला देखणा आणि आवाजाला उत्तम, पण आकाराने मोठा आणि वजनदार. त्यातली धातूची पातळ फीत वाऱ्याच्या झोताला किंवा धक्क्याला टिकत नसे, त्यामुळे तो हातात घेऊन फिरण्याचा प्रश्नच नव्हता. ‘द प्राइस इज राइट’ची पहिली आवृत्ती 1956 पासून एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर सुरू झाली, तेव्हा तिचे सूत्रसंचालक बिल कलन होते. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे ते लंगडत चालत, आणि कार्यक्रमाची मांडणीही त्यांना फार फिरावे लागू नये अशीच होती. सूत्रसंचालक एका जागी, तर माईकही एका जागी.

सूत्रसंचालक प्रेक्षकांत उतरला आणि चित्र बदलले. 30 डिसेंबर 1963 रोजी एनबीसीवर ‘लेट्स मेक अ डील’ सुरू झाला. त्यात माँटी हॉल हे चित्रविचित्र पोशाख करून आलेल्या लोकांच्या रांगांमधून चालत जात आणि कोणालाही उभे करून सौदा विचारत. पुढचा माणूस कुठे बसला आहे, किती उंच आहे, ओरडणार आहे की पुटपुटणार आहे, यातले काहीच आधी ठाऊक नसे. अशा जागी बूमची दांडी वेळेवर पोहोचणे अवघड. माईक सूत्रसंचालकाच्या हातात देणे हाच सोपा आणि भरवशाचा मार्ग होता.

हे काम पेलणारी पहिली मजबूत जात डायनॅमिक माईकची. त्यात पातळ पडद्याला तारेचे बारीक वेटोळे चिकटवलेले असते. आवाजाने पडदा हलला की वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि वीज निर्माण होते. बॅटरी लागत नाही, आत नाजूक फीत नाही. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील बुकॅनन गावच्या इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीचा 635ए हा यातला आदर्श नमुना म्हणावा लागेल. जेमतेम 15 सेंटीमीटर लांब, निमुळता, फिकट करड्या-सोनेरी रंगाचा हा माईक बातमीदारांपासून गेम शोपर्यंत सगळीकडे गेला. त्याच्या दणकटपणामुळे ध्वनितंत्रज्ञ त्याला ‘बुकॅनन हॅमर’ म्हणत, कारण खिळा ठोकल्यावरही तो बोलायला तयार असे.

635ए सर्वदिश माईक आहे, म्हणजे तो सगळ्या बाजूंनी सारखाच ऐकतो. गायकांच्या हातातला एकदिश माईक मागचा गोंगाट कमी घेतो खरा, पण तो तोंडाच्या अगदी जवळ आला की आवाजात खर्ज फुगतो, आणि तोंडाच्या रोखातून जरा बाजूला गेला की आवाज पडतो. गाणाऱ्याला माईक धरण्याचा सराव असतो. स्पर्धकाला तो नसतो, आणि येथे माईक तर दुसऱ्याच माणसाच्या हातात. सर्वदिश माईकमध्ये जवळ आल्याने खर्ज फुगत नाही, हात घासल्याचा आवाज कमी ऐकू येतो, ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांच्या फुंकरी कमी फुटतात आणि सूत्रसंचालकाचा नेम थोडा चुकला तरी उत्तर कानाआड होत नाही. गेम शोच्या तंत्रज्ञांनी हाच प्रकार पसंत केला, ही निवड मला अगदी योग्य वाटते.

तरी एक अडचण उरली होती. 635ए तोंडाजवळ नेला की जाड मूठ आणि माईक मिळून हनुवटी झाकून टाकत. तो दूर ठेवावा तर आवाज पडे. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे 6 डेसिबल उतरते. 15 सेंटीमीटरवरचे तोंड 60 सेंटीमीटरवर गेले तर 12 डेसिबलची घट होते, आणि ती भरून काढायला ध्वनितंत्रज्ञाने पातळी वाढवली की शेजारचे टाळ्या वाजवणारे प्रेक्षकही तेवढेच वर येतात. शिवाय स्टुडिओतल्या प्रेक्षकांसाठी लावलेल्या स्पीकरमधून शिट्टी वाजण्याची भीती वेगळीच. म्हणजे माईकचे तोंड बोलणाऱ्याजवळ हवे आणि मूठ दूर हवी.

यावरचा उपाय निघाला तो इलेक्ट्रेटमधून. बेल लॅब्स या अमेरिकन संशोधन संस्थेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी 1962 मध्ये पातळ प्लॅस्टिकच्या पडद्यात विद्युतभार कायमचा साठवणारा मायक्रोफोन तयार केला. साध्या कंडेन्सर माईकचा, म्हणजे विद्युतभारित पडद्यावर चालणाऱ्या माईकचा, पडदा भारित ठेवायला बाहेरून द्यावा लागणारा विद्युतदाब त्यामुळे लागेनासा झाला. आतल्या छोट्या प्रवर्धकाला (अ‍ॅम्प्लिफायरला) लहानशी बॅटरी पुरे. माईकचे तोंड आता खूप लहान करता येऊ लागले. 1960 च्या दशकाच्या अखेरीस सोनीने इलेक्ट्रेट माईक बाजारात आणले. पुढे टायला लावण्याचा ईसीएम-50 आला, आणि त्याच घराण्यातला ईसीएम-51. या ईसीएम-51 चे इवलेसे तोंड आत-बाहेर सरकणाऱ्या दांडीच्या टोकाला बसवलेले असे. दांडी ओढली की माईक लांब होई, ढकलली की आखूड.

हाच माईक बार्कर आणि रेबर्न यांच्या हाती आला. ‘द प्राइस इज राइट’ची नवी आवृत्ती 4 सप्टेंबर 1972 रोजी सीबीएसवर सुरू झाली, आणि ‘मॅच गेम ’73’ त्याच वाहिनीवर 2 जुलै 1973 रोजी. दोन्ही लॉस एंजेलिसच्या टेलिव्हिजन सिटीत चित्रित होत, पण दोघांनी माईकचा उपयोग वेगवेगळ्या रीतीने केला.

बार्कर यांच्याकडे नाव पुकारले गेलेला माणूस धावत, उड्या मारत, कधी रडत येई. कोणी त्यांना मिठी मारी, कोणी उचलून घेई. त्या झटापटीत बार्कर माईक बाजूला सावरत, माणूस शांत झाला की आपला प्रश्न विचारत आणि मनगटाच्या एका वळणाने दांडीचे टोक त्याच्या हनुवटीखाली नेत. उत्तर संपताच टोक पुन्हा त्यांच्याकडे येई. माईक कोणाकडे वळला आहे यावरून बोलण्याची पाळी कोणाची हे घरातल्या प्रेक्षकाला आपोआप कळे. बडबड्या स्पर्धकाला थांबवायचे तर त्याला टोकावे लागत नसे, टोक मागे घेतले की झाले. बुजऱ्या माणसापुढे मात्र तो माईक धीराने थांबलेला दिसे. पाहुण्याचा मान राखत वेळ सांभाळण्याचे हे कसब बार्कर यांच्याइतके सफाईने कोणी केल्याचे मी पाहिलेले नाही. 15 जून 2007 रोजी त्यांचा शेवटचा भाग प्रसारित झाला, आणि तोवर हा सडपातळ माईक त्यांच्या रूपाचाच भाग झालेला होता. त्यांच्यानंतर आलेल्या ड्रू केरी यांनीही हातातला माईक सोडला नाही.

रेबर्न यांच्या हातात तीच वस्तू खेळकर झाली. सहा नामवंतांच्या पॅनेलसमोरून ते फिरत, गाळलेल्या जागेचे वाक्य वाचत आणि वरच्या रांगेतल्या पाहुण्यापर्यंत हात लांब करून माईक पोहोचवत. दोन ओळींत बसलेल्या माणसांना एकाच माईकने गाठायचे म्हणजे लांब दांडी हवीच, आणि त्या लांबीचा विनोदासाठीही ते भरपूर वापर करत. 2016 मध्ये एबीसीने अ‍ॅलेक बाल्डविन यांना घेऊन हा कार्यक्रम पुन्हा आणला, तेव्हा तंत्राच्या दृष्टीने गरज नसतानाही त्यांच्या हातात तसाच लांब माईक दिला गेला.

‘मॅच गेम’चीच ब्रिटिश आवृत्ती म्हणजे बीबीसीचा ‘ब्लँकेटी ब्लँक’. 1979 पासून तो टेरी वोगन सादर करत. त्यांच्या हातातला माईक इतका बारीक होता की लोक त्याला वोगनची जादूची कांडी म्हणू लागले. विनोदवीर केनी एव्हरेट यांनी पॅनेलवर असताना तो माईक वाकवला, तो प्रसंग ब्रिटिश प्रेक्षकांच्या आजही लक्षात आहे.

या माईकला जोडलेली केबल हा त्या काळच्या स्टुडिओतला मोठा व्याप होता. सूत्रसंचालक चालेल तशी ती कोणाला तरी मागून सोडावी आणि गोळा करावी लागे. कॅमेऱ्यांच्या चाकांखाली ती जाता कामा नये, धावत येणाऱ्या स्पर्धकाच्या पायात अडकता कामा नये. बिनतारी माईक तेव्हाही होते. शुअर कंपनीचा ‘व्हॅगाबाँड’ 1953 मध्येच आला होता, पण सुरुवातीच्या अशा यंत्रांत आवाज मध्येच तुटणे आणि खरखर येणे नित्याचे. रोज ठरल्या वेळी भाग चित्रित करायचा असेल, तर तार कटकटीची असली तरी खात्रीची होती.

बिनतारी यंत्रणा भरवशाची झाली तशी सूत्रसंचालकाची सोय कॉलर माईकने होऊ लागली. ‘जेपर्डी!’ किंवा ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’सारख्या कार्यक्रमांत सूत्रसंचालकाचे हात मोकळे असतात आणि स्पर्धकांच्या जागाही ठरलेल्या असतात, तेथे हँड माईकचे कामच उरले नाही. जेथे माणसांत मिसळायचे असते तेथे मात्र तो टिकला. अमेरिकेत फिल डोनाह्यू यांनी आपल्या चर्चेच्या कार्यक्रमात प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरून तो फिरवला. मराठीत 2004 पासून ‘होम मिनिस्टर’मध्ये आदेश बांदेकर घरोघरच्या वहिनींना बोलते करत, तेव्हा त्यांच्याही हातात माईक असे, फक्त तो बिनतारी. एका माईकवर दोघांनी पाळीपाळीने बोलण्याची रीत तीच.

जुन्या माईकची आजची अवस्था त्यांच्या जातीवर अवलंबून आहे. 635ए सारखे डायनॅमिक माईक बहुधा अजूनही चालतात, कारण त्यांच्यात झिजण्यासारखे थोडेच असते. आतला फोम कुजून भुगा झालेला असला तरी तो बदलता येतो. इलेक्ट्रेट माईकच्या पडद्यातला भार मात्र दशकांनंतर उतरू शकतो, आणि दमट हवेत ठेवलेल्या नगात ही घट लवकर होते. मग आवाज क्षीण होतो आणि सूं असा पार्श्वस्वर वर येतो. सरकत्या दांडीच्या माईकमध्ये आतल्या तारेलाही प्रत्येक वेळी ओढ बसते. त्यामुळे असा माईक विकत घेताना तो नुसता दिसायला चकचकीत आहे की नाही हे न पाहता दांडी पूर्ण ओढून, पुन्हा आत ढकलून आणि मध्येच थांबवून, तिन्ही वेळा त्यात बोलून पाहावे.