गॅल-४ : यीस्टमधल्या एका जनुकाची पार्श्वभूमी

पाव फुगवायला वापरतात ते यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए, ग्लुकोज हाताशी असेपर्यंत दुसऱ्या साखरेकडे वळून बघत नाही. ग्लुकोज संपलं आणि भोवती गॅलॅक्टोज असली, की मात्र तिच्यावर जगण्यासाठी लागणारी एन्झाइम्स ते भराभर बनवू लागतं. त्या जनुकांचं प्रतिलेखन, म्हणजे आरएनए प्रती काढण्याचं काम, जवळजवळ शून्यावरून सुमारे हजारपटीपर्यंत चढतं. हे काम सुरू करून देणारं प्रथिन गॅल-४ या जनुकातून येतं.

या कथेची सुरुवात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत झाली. तिथे ओइविन विंगे यांनी १९३०च्या दशकात यीस्टचं लैंगिक जीवनचक्र उलगडलं आणि यीस्टचे संकर करून आनुवंशिकता तपासता येऊ लागली. गॅलॅक्टोजची सवय व्हायला काही यीस्टला कित्येक दिवस लागतात, आणि ही दिरंगाई एका जनुकामुळे होते, असं विंगे आणि कॅथरिन रॉबर्ट्स यांनी १९४८ मध्ये दाखवलं. ते जनुक म्हणजे गॅल-३.

गॅल-४चं खरं महत्त्व ओळखलं सिएटलच्या हॉवर्ड डग्लस आणि डोनाल्ड हॉथॉर्न यांनी, १९६०च्या दशकात. गॅल-१, गॅल-७ आणि गॅल-१० ही एन्झाइमांची जनुकं एकाच गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. त्यांतलं एक बिघडलं तर एकच एन्झाइम जातं. गॅल-४ बिघडलं, की तिन्ही एकदम गायब. आणि हे जनुक तर वेगळ्याच गुणसूत्रावर! याचा अर्थ, तिथून काहीतरी तयार होऊन पेशीत हिंडतं आणि दूरच्या जनुकांना चालू करतं. याच्या उलट गॅल-८० बिघडलं, तर गॅलॅक्टोज नसतानाही एन्झाइम्स बनत राहतात.

त्या काळावर फ्रेंच शास्त्रज्ञ जाकोब आणि मोनो यांच्या १९६१च्या जिवाणूंवरच्या सिद्धांताची दाट छाया होती : एक दाबणारा घटक डीएनएवरच्या नियंत्रक जागेला चिकटून शेजारची जनुकं बंद ठेवतो. त्यामुळे डग्लस-हॉथॉर्न यांनी मांडलेलं चित्र साहजिकच तशाच घाटाचं होतं : गॅल-८० गॅल-४चं जनुकच दाबून ठेवतं, त्यासाठी गॅल-४ला लागून डीएनएवर एक नियंत्रक जागा असते. ओसाकाचे यासुजी ओशिमा आणि त्यांचे सहकारी, तसंच अमेरिकेतले जेम्स हॉपर, यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस हे चित्र पुसून टाकलं. गॅल-४ प्रथिन गॅलॅक्टोज नसतानाही पेशीत हजर असतं. गॅल-८० त्याला फक्त धरून ठेवतं. ती 'नियंत्रक जागा' शेवटी गॅल-४च्याच आत सापडली : प्रथिनाच्या टोकाचा जो तुकडा गॅल-८०च्या पकडीत येतो, त्याचा मजकूर तिथे लिहिलेला आहे. जनुक हातात नसताना, केवळ संकर आणि म्यूटंट, म्हणजे जनुकात बदल झालेले यीस्ट, यांच्या बळावर इतकं बारीक अनुमान काढणं मला या इतिहासातली सर्वांत थोर गोष्ट वाटते.

१९८२ मध्ये जनुक वेगळं काढण्यात यश आलं. पुढचे प्रयोग हार्वर्डमध्ये मार्क टाश्ने यांच्या गटाने केले. गॅल-४ डीएनएवरच्या १७ अक्षरी जागांना चिकटतं, हे १९८५ मध्ये सिद्ध झालं. गॅल-१ आणि गॅल-१० यांच्या मधल्या पट्ट्यात अशा ४ जागा आहेत. त्याच वर्षी रॉजर ब्रेंट आणि टाश्ने यांनी गॅल-४चा डीएनएला चिकटणारा भाग कापून त्या जागी लेक्स-ए या जिवाणूच्या प्रथिनाचा तसाच भाग जोडला. हे जोडप्रथिन गॅल-४च्या जागा ओळखेना. पण जनुकापुढे लेक्स-एची जागा बसवली, की ते जनुक चालू होई. म्हणजे ८८१ अमिनो आम्लांच्या या प्रथिनात पत्ता शोधणारा भाग निराळा आणि काम सुरू करणारा भाग निराळा. १९८८ मध्ये तर गॅल-४ने फळमाशीत, सस्तन प्राण्यांच्या पेशींत आणि तंबाखूच्या पेशींतही जनुकं चालू करून दाखवली.

गॅलॅक्टोज आल्याची खबर गॅल-४पर्यंत पोचते कशी, हा प्रश्न उरला होता. पी. जे. भट आणि हॉपर यांनी १९९२ मध्ये दाखवलं, की गॅल-३ प्रथिन भरमसाट बनवलं तर गॅलॅक्टोजशिवायही सगळी यंत्रणा सुरू होते. विंगे यांचं ते जुनं जनुक साखरेची चाहूल घेणारं निघालं : गॅलॅक्टोज लाभली की गॅल-३ गॅल-८०ला पकडतं आणि गॅल-४ मोकळं होतं. भट यांनी पुढे मुंबईच्या आयआयटीत याच यंत्रणेवर वर्षानुवर्षं काम केलं.

गॅल-४चे दोन भाग सुटे होतात म्हटल्यावर त्यांचं हत्यार होणारच होतं. स्टॅनली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांनी १९८९ मध्ये एकेक भाग दोन वेगळ्या प्रथिनांना जोडला; ती प्रथिनं एकमेकांना बिलगली तरच जनुक चालू होतं, म्हणून कोणतं प्रथिन कोणाशी जुळतं हे कळू लागलं. अँड्रिया ब्रँड आणि नॉर्बर्ट पेरिमन यांनी १९९३ मध्ये फळमाशीच्या हव्या त्या ऊतीत हवं ते जनुक चालवण्यासाठी गॅल-४ वापरलं. पुढे गॅल-८०चाही उष्णतेने निकामी होणारा प्रकार माशीत घातला गेला. आता १८ अंश सेल्सियसला गॅल-४ गप्प असतं आणि माश्या २९ अंशांवर नेल्या, की ते कामाला लागतं.