सुट्टीतून गोधडीची नक्षी आणताना

सुट्टी संपली की आमच्याकडे साड्यांच्या गाठोड्याबरोबर मोबाइलमधले फोटोही येतात. “असं काहीतरी गोधडीवर हवंय,” तुम्ही सांगता. आम्हाला ते मनापासून आवडतं. मात्र बरेचसे फोटो सूर्यास्ताचे असतात. कापडाचे तुकडे आणि धावदोरा एवढ्यावरच आमचं काम चालतं, त्यामुळे पुन्हा पुन्हा येणारी रेघ, ठिपका, आकार गोधडीवर छान उतरतो. म्हणून फोटो काढताना जरा खाली वाका.

कोकणात ओहोटीच्या वेळी ओल्या पुळणीवर बघा. नखाएवढे खेकडे बिळाभोवती वाळूच्या गोळ्या मांडत असतात. वाळू तोंडाशी न्यायची, त्यातलं खाद्य घ्यायचं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकायची. बिळापासून चहूकडे गोळ्यांच्या ओळी जातात, मध्ये परतीची वाट मोकळी राहते. भरती आली की सगळं पुसलं जातं. एका ताईंनी असा फोटो आणला, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. नाण्यामुळे आम्हाला माप कळलं. एरवी आम्ही कडेपासून आत शिवत जातो. ही गोधडी मधून बाहेर शिवली, फिक्या बदामी लुगड्यावर तपकिरी दोऱ्याने. दोन बोटं रुंदीची वाट बिनटाक्याची ठेवली. अंधारातही हात फिरवला की ती बोटांना लागते.

सप्टेंबरात कास पठारावर जाणार असाल तर फुलं तोडू नका, तिथे मनाई आहे. रंगांचं प्रमाण तेवढं वहीत टिपून आणा. तेरड्याचा गुलाबी हातभर, सोनकीचा पिवळा मूठभर, सीतेच्या आसवांचा जांभळा चिमूटभर, असं लिहिलंत तरी पुरे. पाकळीन् पाकळी कापून लावलेलं फूल आम्हाला चिकटवल्यासारखं वाटतं. रंग प्रमाणात पडले की पठार आपोआप दिसतं.

आता कापडाचं. साड्या सुती आणि वापरून मऊ झालेल्या हव्यात. 60 बाय 90 इंचांच्या गोधडीला एका सहावारीतून एक थर निघतो आणि वरच्या तुकड्यांपुरतं कापड उरतं. आत किती थर घालायचे ते तुमच्याकडच्या थंडीवर ठरवू. गडद साडी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. रंग लागला तर ती वेगळी बांधून आणा. आजीचं लुगडं विरलं असेल तर विरलेला भाग कापून टाकू नका. तिथे कोणता तुकडा लावायचा, ते तुमचा फोटो समोर ठेवून ठरवू.