मोज्याचा झाला स्वेटर

आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या अरन बेटांवर म्हणे कुळागणिक स्वेटरची नक्षी वेगळी, आणि बुडालेला कोळी किनाऱ्याला लागला की नक्षीवरून ओळखू यायचा. ही लोणकढी आली 1904 सालच्या एका एकांकिकेतून. तिथे बहीण भावाला ओळखते ती मोज्यावरून: आपण घातलेले टाके 60, त्यांतले सुटलेले चार. कुळाच्या नक्षीचं नावही नाही. पुढे ‘ध’चा ‘मा’ झाला.

मुळात पांढरा नक्षीदार स्वेटर बेटांवर तसा अलीकडचाच, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याआधीचा कोळी घट्ट विणीची गडद निळी जर्सी घाले. 1936 मध्ये ऑक्सफर्डच्या एका लोकरविक्याने डब्लिनमध्ये असा पांढरा स्वेटर घेतला आणि नक्षीचं नातं थेट सन 800 च्या सुमाराच्या हस्तलिखिताशी जोडलं. अकराशे वर्षांचा पुरावा मात्र शून्य.

सुया हातात धरणाऱ्याला कुळाची नक्षी पटणं अवघडच. सहा टाक्यांची वेणी घ्या. तीन टाके जादा सुईवर काढून पुढे धरायचे, पुढचे तीन सुलट विणायचे, मग जादा सुईवरचे. सुई मागे धरली की पीळ उलटा पडतो. दोन्ही बाजूंना दोन-दोन उलट टाके ठेवले नाहीत तर वेणी उठून दिसत नाही. पीळ दर सहाव्या किंवा आठव्या ओळीला. त्याहून लवकर दिला तर वीण ताठ होते. वेण्या कापड आत ओढतात, म्हणून खालची पट्टी संपताच टाके वाढवावे लागतात, नाहीतर स्वेटर छातीत अडकतो. माप बदललं की कडेचे साधे टाके कमी-जास्त होतात, कधी अख्खी वेणीच गळते. म्हणजे थोरल्याची नक्षी धाकट्याला जशीच्या तशी बसत नाही, कुळाची काय टिकणार? खूण पटवायला उलटा पडलेला एखादा पीळच जास्त खात्रीचा. तो चार ओळींनंतर दिसला तर सगळं उसवू नये. तेवढेच सहा टाके खाली सोडून पुन्हा वर विणत आणावेत.

1961 मध्ये चार आयरिश गायक हे स्वेटर घालून अमेरिकी टीव्हीवर झळकले आणि मागणी विणणाऱ्यांच्या आवाक्याबाहेर गेली. मग आडनावनिहाय नक्ष्या विकायला आल्या, जणू गोत्रावळीच. अर्थही चिकटलेले: वेणी म्हणजे कोळ्याचा दोर, चौकट म्हणजे शेताचा तुकडा, पोळं म्हणजे कष्टाळू माशी, वाकडीतिकडी रेघ म्हणजे संसारातले चढउतार. हा शेवटचा कुठल्याही आडनावाला बसतो.