नव्या रोड बाइकचा टायर किती टणक हवा?

पहिल्या फेरीआधी बहुतेक जण नव्या रोड बाइकचा टायर अंगठ्याने दाबून बघतात आणि त्याच्या कडेवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत हवा भरतात. टायर जितका टणक तितकी सायकल पळते, हा त्यामागचा समज. तो अर्धाच खरा आहे. कडेवरचा आकडा ही मर्यादा असते, शिफारस नव्हे. आणि 70 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच, हवेचा दाब मोजण्याचं एकक) कुठे, 100 कुठे, हे अंगठ्याला कळत नाही.

सायकल आणि स्वार मिळून 80 किलो धरू. त्यातले सुमारे 44 किलो मागच्या चाकावर येतात. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. या हिशेबाने 80 पीएसआयला मागचा टायर जमिनीला जेमतेम 8 चौरस सेंटिमीटर टेकतो, 110 पीएसआयला 6 पेक्षाही कमी. चाक फिरताना रबराचा प्रत्येक भाग इथे येऊन दबतो, वाकतो आणि सुटला की पूर्ववत होतो. पण दबताना घेतलेली सगळी ऊर्जा रबर परत करत नाही, थोडी उष्णता होऊन जाते. याला हिस्टेरेसिस म्हणतात. हवा जास्त तर वाकणं कमी आणि तोटाही कमी. प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत ड्रमवर हे असंच दिसतं.

खऱ्या डांबरावर खडीची टोकं वर आलेली असतात. मऊ टायर ती पोटात घेतो. टणक टायर मात्र दर टोकाला अख्खी सायकल स्वारासकट किंचित वर उचलतो. पुढे जाण्याची ऊर्जा अशी उभ्या थरथरीत जाते आणि ती थरथर हात, मांड्या, पाठ यांच्या स्नायूंत जिरते. म्हणजे दाब वाढवत नेला की रबरातला तोटा हळूहळू उतरतो, पण एका टप्प्यानंतर शरीरातला तोटा झपाट्याने चढतो. या दोन्हींची बेरीज जिथे सर्वांत कमी, तो योग्य दाब. रस्ता जितका खडबडीत, तितका तो खाली सरकतो. फसगत होते ती थरथरीमुळे, कारण ती वेगासारखी भासते.

28 मिमी रुंद टायर आणि वर धरलेलं वजन असेल, तर पुढे 65 आणि मागे 70 पीएसआयपासून सुरुवात करा. 25 मिमीला दहा-बारा पीएसआय जास्त लागतात. रिम हुकलेस, म्हणजे टायर अडकवणारी आत वळलेली कड नसलेली, असेल तर सुमारे 72 पीएसआयची मर्यादा ओलांडायची नाही, टायरवर काहीही छापलेलं असो. प्रेस्टा व्हॉल्व्हचं (रोड बाइकला असतो तो हवा भरायचा बारीक व्हॉल्व्ह) टोपण काढा, टोकाची बारीक चकती सैल करा, पिन एकदा दाबून मोकळी करा आणि मगच पंप लावा. पंप काढताना होणारा फुस्स आवाज मुख्यतः नळीतल्या हवेचा असतो, त्यामुळे घाबरून पुन्हा भरू नका. तापमान 20 अंशांवरून 40 अंशांवर गेलं तर 70 पीएसआयचे जवळपास 76 होतात, हेही लक्षात असू द्या.

नायट्रोजन भरल्याने सायकल हलकी पळते, हा निव्वळ प्रचार आहे. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो.

डिस्क ब्रेक असतील तर गर्दीत शिरण्याआधी मोकळ्या रस्त्यावर प्रत्येक ब्रेक दहा-पंधरा वेळा वापरा: ताशी 25 किमीवरून चालण्याच्या वेगापर्यंत या, चाक लॉक होऊ देऊ नका. पॅडचा पातळ थर डिस्कवर बसेपर्यंत नवे ब्रेक नीट पकडत नाहीत.

मग दाब जुळवायचा. तळहातांना मुंग्या येत असतील तर दोन्हीकडे 3 पीएसआय कमी करा. वळणावर टायर बाजूला लवल्यासारखा वाटला किंवा खड्ड्यात रिम आपटली तर 5 वाढवा. रिम आणि खड्ड्याची कड यांत ट्यूब चेंगरली की तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडी दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती.