झिलईखालचा राजशिक्का

रशियन दरबारची जुनी ताटली पाहायची तर आधी उलटी करावी. सेंट पीटर्सबर्गचा शाही पोर्सेलीन, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांचा, कारखाना 1744 साली सुरू झाला. सम्राज्ञी येकातेरिना दुसरी (कॅथरीन द ग्रेट) हिच्या काळात तळाला शिक्का म्हणून तिचं आद्याक्षर निळ्यात येई, तर सम्राट निकोलाय दुसरा याचं हिरव्यात, डोक्यावर मुकुटासह.

निळा आणि हिरवाच का? कच्ची ताटली साधारण 900 अंश सेल्सिअसला भाजली की ती सच्छिद्र राहते. त्यावर शिक्का काढतात, झिलईच्या, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा थर होणाऱ्या, पातळ लगद्यात बुडवतात आणि पुन्हा सुमारे 1400 अंशांना भाजतात. एवढ्या आचेत बहुतेक रंग उडून जातात; कोबाल्टचा निळा आणि क्रोमियमचा हिरवा मात्र तग धरतात. बाकीची नक्षी नंतर, तयार झिलईवर, 800 अंशांच्या आसपास पक्की होते. सोनं तर भट्टीतून निस्तेजच बाहेर येतं. अकीक दगडाने घासल्यावर ते चमकतं.

म्हणजे शिक्का आणि चित्र यांच्यात कितीही वर्षं जाऊ शकतात. 1917 च्या क्रांतीनंतर गोदामातल्या कोऱ्या शाही ताटल्यांवर सोव्हिएत घोषणा रंगवल्या गेल्या. झिलईखालचा शिक्का पुसता येईना, म्हणून अनेकदा त्यावर रंगाचा ठिपका देऊन शेजारी विळा-हातोडा काढला.

नकली मालवाले याच फटीतून शिरतात. ताटली अस्सल जुनी, नक्षी मात्र कालची! तिरप्या उजेडात भिंगाने पाहावं. सुरीचे चरे रंगाच्या खालून जात असतील तर रंग नंतरचा. वापरलेली ताटली पुन्हा भट्टीत घातली, तर चऱ्यांत आणि तळाच्या उघड्या कडेत मुरलेली ओल व तेलकटपणा बाहेर पडताना झिलईवर काळे ठिपके किंवा फोड उठू शकतात.

न वापरलेल्या ताटलीवर यातलं काहीच सापडत नाही. मग रंगच तपासायचा. क्रोमियमचा शोध 1797 सालचा, तोही उरलच्या खाणीतल्या लाल खनिजातून. येकातेरिना 1796 मध्येच वारली होती. तिच्या शिक्क्याच्या ताटलीवरल्या हिरव्या पानांत क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्राने (ते क्ष-किरण टाकून रंगातली मूलद्रव्यं ओळखतं) क्रोमियम दाखवलं, तर ती पानं तिच्या हयातीतली नाहीत. तोवर हिरवा रंग तांब्यापासून करत. या तपासणीत ताटलीला ओरखडाही पडत नाही.