पहिला ऑसिलोस्कोप घेताना आधी प्रोबकडे बघा

इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागलेल्या माणसाकडे मल्टिमीटर येतो, सोल्डरिंग आयर्न येते, दोन-चार मायक्रोकंट्रोलर बोर्ड जमतात. मग एक दिवस मीटर व्यवस्थित ५ व्होल्ट दाखवतो आणि सर्किट मात्र चालत नाही. मीटर सांगतो ती सरासरी. त्या ५ व्होल्टांत दर थोड्या वेळाने एका मिलिसेकंदाचा खड्डा पडतोय, हे त्याला दिसत नाही. तो खड्डा दिसायला आलेख लागतो: आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर व्होल्टेज. ऑसिलोस्कोप म्हणजे हा आलेख आपोआप काढणारं यंत्र. १८९७ साली कार्ल फर्डिनांड ब्राउनने इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर हलवून दाखवला, त्याच कल्पनेचा हा विस्तार आहे.

मग नवा माणूस विचारतो, "किती मेगाहर्ट्झचा घेऊ?" प्रश्न चुकीचा नाही, पण त्यामागे एक समज दडलेला असतो. स्कोप नुसता बघतो, सर्किटला हात लावत नाही, असं आपण धरून चालतो. इथेच गफलत होते, आणि तिचं मूळ स्कोपच्या डब्यात नसून त्याला जोडलेल्या प्रोबमध्ये, म्हणजे सर्किटला टेकवायच्या टोकाच्या केबलमध्ये असतं.

माझ्या बाबतीत घडलं ते सांगतो. एका छोट्या बोर्डवर त्याला ठेका देणारा १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता आणि दर सेकंदाला लुकलुकणारा एक एलईडी. क्रिस्टलचं स्पंदन बघावं म्हणून मी प्रोबचं टोक त्याच्या पायाला टेकवलं. स्क्रीनवर सपाट रेघ आली. क्रिस्टल गेला असं वाटलं, पण तेवढ्यात लक्ष एलईडीकडे गेलं. तोही थांबला होता. प्रोब उचलला की लुकलुकणं सुरू, टेकवला की बंद. पाच-सहा वेळा करून बघितलं. क्रिस्टल बंद आहे हे स्कोप खरंच सांगत होता, फक्त तो बंद पडत होता प्रोबमुळे. प्रोबच्या दांड्यावर एक इवलासा सरकता स्विच असतो, एका बाजूला १एक्स, दुसऱ्या बाजूला १०एक्स. माझा १एक्सवर होता.

हा स्विच नेमकं काय करतो, ते सावकाश बघू. मला हा संपूर्ण विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो.

दोन धातू एकमेकांजवळ ठेवले आणि मध्ये विद्युतरोधक असला की कपॅसिटर तयार होतो, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. प्रोबची केबल म्हणजे मधली बारीक तार आणि तिच्याभोवतीची धातूची जाळी. म्हणजे केबल हाच एक लांबलचक कपॅसिटर. तिची धारिता ७० पिकोफॅरड धरू. स्कोपच्या आत आणखी २० पिकोफॅरड आणि १ मेगाओहमचा रोध असतो. प्रत्यक्षातले आकडे थोडे इकडेतिकडे असतात, हिशोब सोपा जावा म्हणून मी हे घेतले. १एक्सवर टोक थेट केबलला जोडलेलं असतं, त्यामुळे सर्किटवर ९० पिकोफॅरडचा बोजा पडतो. माझ्या क्रिस्टलच्या पायांशी साधारण २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर होते आणि त्या तोलावरच त्याचं स्पंदन चाललं होतं. एका पायावर अचानक चौपट ओझं आलं आणि तो थांबला.

उपाय काय? पहिला विचार असा सुचतो की टोकात ९ मेगाओहमचा रेझिस्टर घालावा. तो ९ आणि स्कोपचा १ मिळून १० मेगाओहम झाले, स्कोपला व्होल्टेजचा दहावा हिस्सा मिळाला, सर्किटवरचा भार उतरला. बॅटरीचं व्होल्टेज मोजायचं असेल तर हे उत्तम चालतं. पण सिग्नल वेगवान झाला की पंचाईत होते. आता ते ९० पिकोफॅरड ९ मेगाओहमच्या बारीक नळीतून भरायचे आहेत. हिशोब केला तर असा प्रोब २ किलोहर्ट्झच्या आसपासच मंदावतो. २ किलोहर्ट्झ म्हणजे माणसाच्या आवाजातला 'स'सुद्धा त्यातून धड येणार नाही. मेगाहर्ट्झची गोष्टच सोडा.

आता खरी गंमत. त्या ९ मेगाओहमच्या रेझिस्टरला समांतर फक्त १० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर जोडायचा. संथ सिग्नल रेझिस्टरांच्या वाटेने जातो आणि ९ ला १ असा वाटला जातो. वेगवान सिग्नल कपॅसिटरांच्या वाटेने जातो. एकापुढे एक जोडलेल्या कपॅसिटरांमध्ये व्होल्टेजची वाटणी उलट्या प्रमाणात होते: लहान कपॅसिटरवर जास्त, मोठ्यावर कमी. १० पिकोफॅरडवर नऊ हिस्से आणि ९० पिकोफॅरडवर एक हिस्सा. म्हणजे पुन्हा ९ ला १! दोन वेगळ्या वाटा आणि दोन्हींवर तीच वाटणी. ९ मेगाओहम गुणिले १० पिकोफॅरड म्हणजे ९० मायक्रोसेकंद, १ मेगाओहम गुणिले ९० पिकोफॅरड म्हणजेही ९० मायक्रोसेकंदच. हे दोन गुणाकार सारखे आले की सिग्नल संथ असो, वेगवान असो किंवा दोन्हींची सरमिसळ असो, स्कोपला अचूक दहावा भाग मिळतो. वर सर्किटला दिसणारी धारिता १० आणि ९० च्या जोडणीतून फक्त ९ पिकोफॅरड उरते. ज्या धारितेने घात केला होता, तिलाच दुसरी धारिता देऊन तोललं आहे.

पण दोन कंपन्यांच्या स्कोपमध्ये आतली धारिता सारखी नसते. म्हणून प्रोबवर एक छोटा स्क्रू असतो आणि स्कोपच्या तोंडाशी बहुधा १ किलोहर्ट्झची चौकोनी लाट देणारी एक पट्टी. प्रोब तिथे लावायचा. लाटेचे कोपरे गोलावलेले दिसले तर कपॅसिटर कमी पडतोय, कोपऱ्यांना शिंगं फुटली तर जास्त होतोय. काटकोन दिसेपर्यंत स्क्रू फिरवायचा. सोबत मिळणारा पेचकस प्लास्टिकचा असतो, कारण धातूचा पेचकस स्वतःची धारिता मिसळतो आणि तो काढला की जुळवणी पुन्हा बिघडते. नवा स्कोप घरी आला की पहिलं काम हेच. स्कोपच्या मेनूतही १०एक्स निवडायला विसरू नका, नाहीतर ५ व्होल्टांच्या जागी अर्धा व्होल्ट दिसेल.

१०एक्सलाही मर्यादा आहेत. डब्यावर १० मेगाओहम लिहिलेलं असतं, पण ते संथ सिग्नलसाठी. १०० मेगाहर्ट्झला ९ पिकोफॅरड म्हणजे अवघा १८० ओहमच्या आसपासचा अडथळा. आणि प्रोबला लोंबणारी ती अर्थची तार! साधी तार दर मिलिमीटरला अंदाजे एक नॅनोहेन्री प्रेरकत्व घेऊन येते. १५ सेंटिमीटरची तार आणि ९ पिकोफॅरड यांची जोडी १४० मेगाहर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमू लागते. चौकोनी लाटेच्या प्रत्येक कडेला थरथर दिसते, नवा माणूस सर्किटमधला दोष शोधत बसतो आणि दोष तारेत असतो. तार काढून प्रोबसोबत येणारी छोटी स्प्रिंग लावली की थरथर बरीच ओसरते.

हे पचलं की मेगाहर्ट्झचा प्रश्न सोपा होतो. १०० मेगाहर्ट्झचा स्कोप म्हणजे १०० मेगाहर्ट्झची लाट बिनचूक दाखवणारा स्कोप नव्हे. त्या वारंवारतेला १ व्होल्टाची लाट ०.७ व्होल्टाची दिसते, ही त्या आकड्याची व्याख्याच आहे. चौकोनी लाटेत मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा लाटा मिसळलेल्या असतात. निदान पाचपटीपर्यंत दिसायला हवं, म्हणून २० मेगाहर्ट्झच्या घड्याळासाठी (क्लॉक सिग्नलसाठी) १०० मेगाहर्ट्झचा स्कोप. ०.३५ ला बँडविड्थने, म्हणजे या मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागलं की स्कोपला सर्वांत जलद कोणती चढण दिसेल ते कळतं: १०० मेगाहर्ट्झला ३.५ नॅनोसेकंद, ५० ला ७. ऑडिओ, मोटारी, सिरियल संदेश, साधे मायक्रोकंट्रोलर यांना ५० पुष्कळ झाले. परवडत असेल तर १००.

स्कोप सेकंदाला १०० कोटी नमुने, म्हणजे व्होल्टेजची मापं घेतो, ही जाहिरात जरा थांबून वाचावी. पुष्कळदा तो आकडा एकच चॅनेल (प्रोब लावायची जागा) चालू असतानाचा असतो, दुसरा चालू केला की निम्मा होतो. त्याहून महत्त्वाची मेमरी. स्क्रीनवर १०० मिलिसेकंदांचा पट हवा असेल तर त्या वेगाने १० कोटी बिंदू साठवावे लागतील. मेमरी १० लाख बिंदूंची असेल तर स्कोप गुपचूप वेग उतरवतो, सेकंदाला १ कोटी नमुन्यांवर येतो. मग त्याच पटात शिरून १६ मेगाहर्ट्झचा सिग्नल बघाल तर तो ४ मेगाहर्ट्झचा दिसेल, आणि अगदी स्वच्छ दिसेल. डब्यावरचा सॅम्पलिंग रेट ठळक आणि मेमरीचा आकडा बारीक अक्षरांत छापणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

फोनच्या माइकच्या भोकातून चालणारे स्कोप ॲप ध्वनीपुरतेच असतात, २० किलोहर्ट्झच्या पुढे त्यांना काही दिसत नाही आणि स्थिर व्होल्टेज तर मुळीच मोजता येत नाही. अशा कशावर तरी बोट ठेवून "ही बघा शरीरातली ऊर्जा" म्हणणारेही भेटतात. प्रोबच्या टोकाला बोट लावा, खरोखर मोठी लाट येते. तिचा आवर्तकाल मोजा. २० मिलिसेकंद भरतील, म्हणजे ५० हर्ट्झ. ज्या देशांत वीज ६० हर्ट्झची आहे, तिथे ती ६० येईल. भिंतीतल्या विजेच्या तारा आणि आपलं शरीर मिळून एक कपॅसिटर होतो, त्यातून ही लाट येते. बॅटरीवरचा स्कोप घेऊन मोकळ्या माळावर जा, ती 'ऊर्जा' मावळते. माणसाच्या प्राणशक्तीला प्रत्येक देशातल्या वीजकेंद्राची वारंवारता बरोबर कशी ठाऊक असते, हे असे प्रयोग दाखवणाऱ्यांना जरूर विचारावं.

एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. विजेवर चालणाऱ्या टेबलावरच्या स्कोपमध्ये प्रोबची अर्थ-क्लिप थेट प्लगच्या अर्थ पिनला जोडलेली असते, आणि सगळ्या चॅनेलच्या क्लिपा आतून एकच असतात. ती क्लिप घरच्या विजेच्या फेजला लावली तर सरळ शॉर्ट सर्किट. यावर तोडगा म्हणून अर्थ पिन काढून टाकणारे लोक आहेत. तसं केलं की स्कोपचे उघडे धातूचे भाग फेजच्या व्होल्टेजवर येतात आणि आपला हात तिथेच असतो. घरच्या विजेवर काम करायचंच असेल तर डिफरन्शिअल प्रोब लागतो, म्हणजे कुठलंही टोक अर्थला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा. तोपर्यंत त्या वाटेला जाऊ नये.

तर निवड अशी करा. दोन चॅनेल हवेतच, कारण "हे आधी झालं की ते" हाच प्रश्न सर्वांत जास्त वेळा पडतो. ५० ते १०० मेगाहर्ट्झ, निदान काही लाख बिंदूंची मेमरी, दोन्ही चॅनेलना उभ्या मापाच्या वेगळ्या खुंट्या, आणि ट्रिगरची पातळी फिरवायला हाताला सहज सापडणारी खुंटी. सिग्नल ठरावीक व्होल्टेज ओलांडेल त्याच क्षणापासून चित्र काढायला सांगणं म्हणजे ट्रिगर. तो नीट लावता आला नाही तर महागड्या स्कोपवरही नुसती धावती जाळी दिसते. जुना काचनळीचा स्कोप मिळाला तर लाट शिकायला छान, पण एकदाच घडून जाणारी घटना तो धरून ठेवत नाही, आणि बंद केल्यावरही त्याच्या आत हजारो व्होल्ट दबा धरून असू शकतात, तेव्हा तो उघडू नका.

मी त्या दिवशी स्विच १०एक्सवर सरकवला, स्क्रू जुळवला, लांब तार काढून स्प्रिंग लावली आणि टोक पुन्हा क्रिस्टलच्या पायाला टेकवलं. एलईडी लुकलुकत राहिला. स्क्रीनवर गोलसर लाट उभी राहिली. दोन शिखरांमधलं अंतर मोजलं, ६२.५ नॅनोसेकंद.